पायाशी सोडलेली जागा

(दृश्य : सपरीची भिंत. छुईवरून, म्हणजे पांढऱ्या मातीच्या लेपावरून, ओलं फडकं फिरतं.)

रामटेकच्या गडाखाली, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या घराची ही सपरी, म्हणजे पडवी. ज्येष्ठ सरत आलाय. भिंत सहा फूट रुंद, पाच फूट उंच. तिच्यावर एकच बाई काढायची आहे. रुसलेली.

ही बाई पहिल्यांदा काढली गेली ती दगडावर, आणि तीही काव्यात. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष वर्षभराचा शाप भोगत रामगिरीवर राहतो. बायको दूर अलकानगरीत. तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संस्कृतचे आणि इतिहासाचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. काही अभ्यासक छत्तीसगडातला रामगढ सांगतात. रामटेकात उभं राहून हा वाद घालू नये.

यक्ष मेघाला सांगतो ते असं. डोंगरातल्या रंगीत मातीने तो शिळेवर तिला काढतो. रडणारी नव्हे, हसणारी नव्हे. प्रेमात रुसून बसलेली. मग तिच्या पायाशी स्वतःला काढायला जातो आणि डोळे इतके भरून येतात की दिसेनासं होतं. चित्रात ती आहे, तो नाही. पायाशी जागा मोकळीच राहते.

या भिंतीवरही ती मोकळी राहणार आहे. बाकी सगळी मेहनत त्या जागेसाठी.

(दृश्य : तवा. पिवळी माती.)

आधी रंग. लाल गेरू बाजारात मिळतो, पण त्यात कधी विटेचा चुरा मिसळलेला निघतो. बोटांत चोळला की खरखर लागते, ती वीट. इथे पिवळ्या मातीपासून सुरुवात केलीय. वाळवून, कुटून, चाळून लोखंडी तव्यावर भाजायची. मातीतल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडतं आणि पिवळ्याचं लाल होतं. जाळ मंद ठेवून सतत हलवावं लागतं. मध्येच सोडलं तर खालची माती काळपट लाल होते, वरची पिवळीच राहते, आणि भिंतीवर रंगाचे पट्टे उठतात. आपल्याला लाल आणि पिवळा दोन्ही हवेत, म्हणून अर्धी माती भाजलेली, अर्धी तशीच.

(दृश्य : घमेलं. गढूळ पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात.)

भाजलेली माती पाण्यात ढवळायची. जाड रेती क्षणात तळाशी बसते. वरचं लाल पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतायचं. असं तीनदा. शेवटचं भांडं रात्रभर ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली लोण्यासारखा गाळ असतो. तो गाळ म्हणजे रंग.

पण नुसता गाळ भिंतीला धरत नाही. त्याला डिंक लागतो, इथे धावड्याचा. एक वाटी डिंक दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलाय. वाटीभर गाळाला चार चमचे डिंकपाणी टाकून बघायचं, मग अंदाजाने वाढवायचं. भिंतीच्या कोपऱ्यात एक पट्टा मारून वाळू द्यायचा आणि बोट फिरवायचं. बोट लालभडक झालं तर डिंक कमी. पट्टा चकाकला तर डिंक जास्त, आणि तो रंग पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यासारखा सुटणार. बोटाला किंचित लाली लागली की बरोबर. उन्हाने गेरू उडत नाही, त्याचा लाल टिकाऊ आहे. आधी थकतो तो डिंक.

काळा रंग दिव्याच्या काजळीचा. काजळी पाण्यावर तरंगते, कितीही ढवळा. आधी डिंकपाण्यात तिची घट्ट गोळी मळून घ्यावी लागते. तरी ऐकली नाही तर मोहाच्या दारूचे दोन थेंब. रंगातच.

(दृश्य : भिंतीचा जवळून भाग. मातीत कोंड्याचे कण.)

ही भिंत माती, शेण आणि धानाच्या कोंड्याची, वर छुईचे दोन हात. कोंडा नसेल तर माती वाळताना भेगाळते. अजिंठ्यातल्या चित्रांखालचा गिलावाही अशाच कुळातला : माती, भाताचा कोंडा, वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ थर. आणि रंग कोरड्या गिलाव्यावर, चिकट द्रव्यात कालवून.

अजिंठ्याचं नाव आलंच आहे तर १६ क्रमांकाचं लेणं. ते कोरवलं वराहदेवाने, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याने. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशिमचा. वाकाटकांची दुसरी शाखा इथली, रामटेकजवळच्या नगरधनची. त्या लेण्यातल्या एका चित्राला लोक ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणतात. ती मरत नाहीये. ती सुंदरी. नवरा नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला. चित्रकाराने मान कलती ठेवली, हात सैल सोडला, सावरायला मागे दासी दिली. नवरा तिथे नाहीच. आहे तो माणसाच्या हातातला मुकुट.

(दृश्य : शिंदीच्या काडीचं टोक दगडावर ठेचलं जातं. पहिली रेष.)

आता चेहरा. सकाळी दहापर्यंतच काम. नंतर भिंत इतकी तापते की कुंचल्यातलं पाणी टेकताच शोषून घेते आणि रेष मध्येच तुटते. म्हणून काढायच्या भागावर आधी ओलं फडकं.

रुसवा काढणं अवघड. भुवया आत ओढल्या तर राग होतो. भुवयांची आतली टोकं वर उचलली तर दुःख होतं. रुसव्याला भुवया जवळजवळ सरळ लागतात. खालचा ओठ किंचित पुढे, हनुवटी खांद्याकडे वळलेली, पण बुबुळ डोळ्याच्या या कोपऱ्यात, आपल्याकडे. मान फिरलीय, नजर फिरलेली नाही. हे बुबुळ अर्ध्या ज्वारीएवढं सरकलं तरी बाई परकी वाटू लागते. इथे ते दोनदा पुसलंय. छुईचा तो ठिपका अजून दिसतो.

(दृश्य : ढग.)

वरचा ढग निळसर दिसतो ना? या अंगणात निळा रंगच नाही. काजळीत पांढरी छुई मिसळली की थंड राखाडी तयार होते, आणि शेजारी तांबडा गेरू असला की डोळा तिला निळं समजतो. ढगाभोवती गेरूची कडा ठेवलीय ती त्यासाठीच.

बाई भिंतीच्या डाव्या बाजूला, दीड फूट उंचीची, बसलेली. पावलांच्या उजवीकडे दोन फूट पांढरं. कॅलेंडरांवर आणि फ्लेक्सवर याच जागी पिळदार दंडांचा यक्ष बसवलेला असतो, वर कमळंही. मग ते नवराबायकोचं चित्र होतं.

(दृश्य : दाराची चौकट. उंबऱ्यालगत लहान चित्र.)

दाराशेजारी दुसरी आकृती, त्याच बाईची, अलकेतली. ही आजची, वाट बघणारी. एकच वेणी, न सोडलेली; तो येऊन सोडेल तेव्हा सुटेल. कालिदासाची नायिका उंबऱ्यावरची फुलं जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजते. शाप संपणार कार्तिकी एकादशीला, म्हणजे चार महिने उरले. इथे फुलं चारच. हौसेने परडीभर काढली तर ती पूजा होते, हिशोब राहत नाही. हातातली बांगडी मनगटावर घट्ट न काढता तळहाताकडे घसरलेली, हात आणि बांगडीत बोटभर फट. दंड बारीक काढायची गरज उरत नाही.

तीही चित्र काढतेच, मनातल्या अंदाजाने, त्याचं, विरहाने वाळलेलं. रागरागिण्यांना माणसाचं रूप देणाऱ्या रागमाला चित्रांतली धनाश्री रागिणीही दूर असलेल्या प्रियकराचं चित्र काढत बसलेली असते. दोघं एकमेकांना काढतायत, आणि एका चित्रात दोघं कुठेच नाहीत.

सिमेंटच्या भिंती वाढल्या, छुई लावणारे हात कमी झाले. मातीवर ऑइलपेंट मारला तर आतला ओलावा अडकून पोपडे सुटतात, तरी मारतात.

(दृश्य : आषाढ. कवेलूंच्या कडेने पागोळ्या. निवेदन थांबतं. अंगणातलं पाणी उडून भिंतीच्या पायथ्याशी.)

(दृश्य : पावसानंतर. रुसलेला चेहरा कोरडा.)

शिंतोडे दीड फुटापर्यंत पोचतात. तेवढ्यातली छुई मऊ होते, फुगते, निघते. उंबऱ्याजवळची दोन फुलं गेली. पायाशी सोडलेली जागाही खालून मातकट झालीय.

पाऊस सरला की कार्तिकात तेवढा पट्टा पुन्हा पोततात. फुलं परत काढतात. त्या जागेवर फक्त छुई. दोन हात.