पार्क अ‍ॅव्हेन्यूवरचा कवायतीचा हॉल
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर, ६६व्या आणि ६७व्या रस्त्यांच्या मधे, लाल विटांची एक किल्लेवजा इमारत आहे, पार्क अ‍ॅव्हेन्यू आर्मरी. आर्मरी म्हणजे पलटणीचं शस्त्रागार आणि कवायतीचं ठाणं. आज तिथे नाटकं आणि कलाप्रदर्शनं पाहायला लोक जातात. मुळात ती सातव्या रेजिमेंटच्या कवायतीसाठी बांधली होती. ती टिकली आणि नव्या कामाला आली, यात कवायतीच्या गरजेचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सातवी रेजिमेंट म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून शिपाईगिरी करणाऱ्या स्वयंसेवकांची पलटण. बड्या घरांतली मुलं तिच्यात भरती होत. १८६१च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होताच, अध्यक्ष लिंकन यांच्या हाकेला ओ देऊन ती वॉशिंग्टनला धावली. १८४९ साली मात्र न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टर प्लेसच्या दंगलीत याच पलटणीने जमावावर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. हे झाकून तिचा गौरव करता येत नाही.

यादवी युद्धाच्या काळात तिचं ठाणं टॉम्पकिन्स मार्केटच्या माडीवर होतं. खाली मंडई, वर कवायत. ती जागा अपुरी पडू लागली. १८७७मध्ये, रेल्वे कामगारांच्या संपाने देश हादरला त्याच वर्षी, नव्या इमारतीची कोनशिला बसली. जमीन शहराने भाडेपट्ट्याने दिली. बांधकामाचा पैसा रेजिमेंटने स्वतः जमवला. १८७९ साली त्यासाठी मोठी जत्रा भरवली, तिचं उद्घाटन अध्यक्ष हेज यांनी केलं. १८८४च्या कायद्यानंतर शहरातल्या आर्मऱ्या सार्वजनिक पैशातून उभ्या राहू लागल्या. ही त्याआधीची.

आराखडा वास्तुशिल्पी चार्ल्स क्लिंटन यांचा. ते स्वतः या रेजिमेंटमध्ये होते, त्यामुळे कवायतीला काय लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका रांगेत चालणारी तुकडी वळते तेव्हा एका टोकाचा शिपाई जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि दुसऱ्या टोकाचा मोठा फेरा घेतो. मधे एक जरी खांब आला, तरी ओळ मोडते. म्हणून सुमारे ५५,००० चौरस फुटांचा, एकही खांब नसलेला हॉल केला. घडीव लोखंडाच्या प्रचंड कमानींवर छप्पर सुमारे ८० फूट उंच नेलं. ही रचना रेल्वे स्थानकांच्या छपरांवरून घेतलेली. अशी कमान पायथ्याशी बाहेरच्या बाजूला रेटा देते. तो आवरला नाही तर पाय फाकतात आणि छप्पर खचतं.

पुढच्या भागातल्या दालनांचा थाट अगदी वेगळा. दहा कंपन्यांना एकेक खोली होती आणि प्रत्येकीने आपली खोली सजवण्यात हात आखडता घेतला नाही. माजी सैनिकांचं दालन आणि ग्रंथालय रंगीत काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या लुई कम्फर्ट टिफनी यांच्या चमूने सजवलं. पुढे नामवंत वास्तुशिल्पी झालेले तरुण स्टॅनफर्ड व्हाइटही त्यात होते. अशा सजावटीचा खरा शत्रू पाणी. छप्पर गळलं, पन्हळी तुंबल्या, की ओल भिंतीत उतरते, रंगाचे पापुद्रे सुटतात, लाकूड फुगतं. २०००मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने या इमारतीचं नाव जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत घातलं. २००६मध्ये एका ना-नफा संस्थेने ती दीर्घ भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढच्या वर्षापासून कलेचे कार्यक्रम सुरू झाले. दुरुस्तीचं काम हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुशिल्पींकडे गेलं. सगळं नवं कोरं न करता आधीच्या काळाचे थर दिसू द्यायचे, ही त्यांची पद्धत मला फार योग्य वाटते.

कवायतीसाठी मोकळा ठेवलेला हॉलच असा कलेच्या कामी आला. मोकळी जागा आहे म्हणजे वापर आपोआप सापडतो, असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातली किंग्सब्रिज आर्मरी पाहा. १९१७ साली पूर्ण झालेला तिचा हॉल साधारण ३०० फूट रुंद आणि ६०० फूट लांब, म्हणजे पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या तिप्पट. १९९६मध्ये ती शहराच्या ताब्यात आली. तिथल्या मॉलची योजना २००९मध्ये कामगारांच्या वेतनाच्या वादातून नगर परिषदेने फेटाळली; २०१३मध्ये बर्फावरच्या खेळांच्या केंद्राला मंजुरी मिळाली, तेही उभं राहिलं नाही. एवढ्या जागेची डागडुजी आणि ऊब यांचा खर्च भाड्यातून निघेल असा भाडेकरू सहजी मिळत नाही. पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या हॉलला आकार बेताचा मिळाला, आणि वस्ती श्रीमंत.