ताणावर सोडलेली बाग

(दृश्य: मे महिन्याची दुपार, काटोलजवळची संत्र्याची बाग. पाने मलूल, वाफे कोरडे.)

मे महिन्यात नागपूरहून पश्चिमेकडे काटोल-नरखेडच्या वाटेला लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या अशा काही बागा दिसतात, की त्या पाहून परक्या माणसाला बागमालकाचा रागच यावा. पारा 45 अंशांवर गेलेला असतो, विहिरीला पाणी असते, मोटारही चालू असते, आणि तरीही झाडांना पाणी दिलेले नसते. पाने कोमेजून खाली वळलेली, वाफ्यांना भेगा पडलेल्या. ही हयगय नव्हे. मृग बहार, म्हणजे जूनच्या पावसावर फुलणारा बहार, घेणारा बागाईतदार झाडाला मुद्दाम तहानलेले ठेवतो, आणि त्याला या भागात बाग ताणावर सोडणे असे म्हणतात. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते, त्याच्या फांद्यांत अन्नाचा साठा होतो, आणि जूनमध्ये पाऊस पडताच त्या साठ्यावर नवती आणि फुले फुटतात. हलक्या जमिनीत हा ताण थोडे दिवस पुरतो, भारी काळ्या जमिनीत तो अधिक दिवस द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी येते, जास्त झाला तर फांद्या वाळू लागतात. हे सारे अचूक साधले आणि नेमका मृगाचा पाऊस लांबला, तर बहार हुकतो.

या बागेच्या बांधावर उभे राहिले की तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न आपोआप समोर येतो: माझ्या हातात नेमके काय आहे, आणि काय नाही?

(दृश्य: बागाईतदार माती मुठीत घेऊन दाबून पाहतो.)

हा प्रश्न ज्याने सर्वांत स्वच्छ मांडला, तो माणूस गुलाम म्हणून वाढला होता. एपिक्टेटसचा जन्म इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आज तुर्कस्तानात असलेल्या हिएरापोलिस या नगरीत झाला. रोममध्ये त्याने गुलामीत दिवस काढले, पुढे तो मुक्त झाला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना शहराबाहेर घालवल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे आपली शाळा चालवली. त्याने स्वतः एक ओळही लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याचे बोलणे टिपून ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत आले. त्याच्या शिकवणीचा आरंभच एका विभागणीने होतो. आपली मते, आपली इच्छा, आपली नावड आणि आपला प्रयत्न या गोष्टी आपल्या अधीन आहेत. शरीर, मालमत्ता, लौकिक आणि सत्तेची पदे आपल्या अधीन नाहीत. जे अधीन नाही त्यावर सुख टांगून ठेवणारा माणूस कायम दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, असे त्याच्या सांगण्याचे सार आहे. ज्याचे शरीरसुद्धा एके काळी दुसऱ्याच्या मालकीचे होते, त्याच्या तोंडी हा विचार येतो, तेव्हा त्याला वजन येते.

नागपूरच्या गल्लोगल्लीच्या अभ्यासिकांत सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलामुलींना ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. किती तास वाचायचे, कोणता विषय पुन्हा हाताळायचा आणि रात्री किती वाजता झोपायचे, हे त्यांच्या हातात असते. जागा किती निघतील, परीक्षा पुढे ढकलली जाईल का आणि यंदा किती गुणांवर यादी थांबेल, हे नसते. एपिक्टेटस ज्या परंपरेतला होता, त्या स्टोइक पंथाचे विचारवंत येथे धनुर्धराचा दाखला देत. नेम धरणे, दोरी ताणणे आणि हात स्थिर ठेवणे हे धनुर्धराचे काम. बाण सुटल्यावर वारा सुटला किंवा लक्ष्य हलले, तर त्याच्या धनुर्विद्येत उणे येत नाही. निकालाच्या दिवशी नाव यादीत नसलेल्या मुलीला हा दाखला लगेच पटेल, असे मला वाटत नाही. पण चार दिवसांनी ती पुन्हा अभ्यासिकेत आपल्या खुर्चीवर येऊन बसते, तेव्हा तिने तो नकळत स्वीकारलेला असतो.

(दृश्य: अभ्यासिकेतील पंखा, रात्रीचे दिवे.)

गारपिटीनंतरच्या रात्रीचा विचार करावा. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात, आणि मृग बहाराची तोडणीला आलेली फळे तासाभरात जमिनीवर येतात. ते दुःख खरे असते आणि कोणत्याही तत्त्वज्ञानाने ते खोटे ठरवू नये. पाली साहित्यातील संयुत्त निकायात बुद्धांचा एक उपदेश आहे, त्यात दोन बाणांची उपमा येते. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, ऊर बडवतो, आणि त्यामुळे त्याला दुसरा बाण लागतो, तो मनाचा. शिकलेल्या श्रावकालाही, म्हणजे बुद्धांच्या शिष्यालाही, पहिला बाण लागतोच, दुसरा मात्र तो लावून घेत नाही. गारांनी झोडपलेल्या बागेतून घरी आलेला माणूस रात्रभर कूस बदलत स्वतःला विचारतो, की गेल्याच आठवड्यात तोडणी का केली नाही, भावाचे का ऐकले नाही, माझ्याच नशिबी हे का. फळे पहिल्या बाणाने पडलेली असतात. झोप दुसऱ्या बाणाने जाते, आणि विदर्भात या दुसऱ्या बाणाने कित्येक घरांतून माणूसच नेला आहे, म्हणून या उपमेकडे केवळ एक सुंदर उपमा म्हणून पाहता येत नाही.

विसाव्या शतकात हाच विचार दवाखान्यात पोचला. अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली, आणि माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांविषयीची त्याची मते अस्वस्थ करतात, हे एपिक्टेटसचे सूत्र आपल्या पद्धतीच्या मुळाशी असल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पुढे 1960 च्या दशकात आरोन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना स्वतंत्रपणे तीच दिशा धरली. महाराष्ट्रात एलिस यांची पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. सगळे संपले, मी नालायक आहे, यापुढे काही होणार नाही, ही वाक्ये मनात उमटतात तेव्हा ती सत्ये वाटतात. प्रत्यक्षात ती विधाने असतात आणि कोणतेही विधान तपासता येते, एवढी साधी गोष्ट रुग्णाबरोबर बसून, वहीत लिहून, आठवड्यामागून आठवडे करावी लागते. प्राचीन विचार आज कसा उपयोगी पडतो याचे याहून ठाम उदाहरण मला ठाऊक नाही.

(दृश्य: रामटेकची टेकडी, पहाट.)

येथपर्यंतची वाट सरळ होती. पण ज्या भूमीत आपण उभे आहोत, तिने या विभागणीवर एक कठीण प्रश्न उभा केला आहे.

नागपूरपासून सुमारे 50 किलोमीटरवर रामटेक आहे, आणि तेथील लोकस्मृती आचार्य नागार्जुनांशी जोडलेली आहे. तिबेटी परंपराही त्यांचा जन्म विदर्भातला सांगते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या या बौद्ध विचारवंताने शून्यता हा शब्द वापरला, आणि तो पुढे फार गैरसमजात सापडला. काहीच नाही, असे नागार्जुन म्हणत नव्हते. कोणतीही गोष्ट स्वतःच्या बळावर, एकटी, कायमची तशीच उभी नसते. ती इतर गोष्टींच्या आधाराने घडते, आणि असे आधाराने घडणे यालाच त्यांनी शून्यता म्हटले. संत्रे हे जमीन, खुंट, कलमाचा डोळा, ताण, पाऊस, मधमाशी आणि मजुराचा हात यांच्या आधाराने घडते. मग माझ्या हातातले आणि माझ्या हाताबाहेरचे यांच्यातली रेघ तरी स्वयंभू कशी असेल? तीही कशाच्या तरी आधाराने आखलेली असते, आणि आधार बदलला तर ती सरकू शकते.

ही रेघ कोणी आखली, हा प्रश्न भारतात विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, हे गीतेतील वचन आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. नागपूरहून फार दूर नसलेल्या पवनारला पुढे आश्रम करून राहिलेल्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांतून ते साध्या मराठीत कित्येकांपर्यंत पोचले. फळाची हाव सोडून काम करण्यात जी शांती आहे, ती खरी आहे आणि मी तिचा अनुभव नाकारत नाही. परंतु माझे कर्म कोणते, हे जर जन्मावरून आधीच ठरवलेले असेल, मेलेले जनावर ओढणे हेच एखाद्या घराचे काम म्हणून गावाने पिढ्यानुपिढ्या लादलेले असेल, तर फळाची अपेक्षा धरू नकोस हा उपदेश त्या घराला कसा ऐकू येईल? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर जी टीका केली, तिचा रोख येथेच होता. हाच प्रश्न एपिक्टेटसच्या परंपरेलाही विचारावा लागतो. त्या परंपरेत पुढे मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट झाला, युद्धाच्या छावणीत बसून त्याने आत्मपरीक्षणाच्या अत्यंत हृद्य नोंदी ग्रीकमध्ये लिहिल्या, आणि त्याच्या साम्राज्यात गुलामगिरी होती तशीच राहिली. मन मोकळे झाले, माणूस बांधलेलाच राहिला.

(दृश्य: दीक्षाभूमीचा स्तूप, विजयादशमीची सकाळ, पांढऱ्या कपड्यांतील लोकांची रांग.)

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात या प्रश्नाला उत्तर मिळाले. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, आणि मग जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा देऊन त्यांच्याकडून 22 प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडण्याविषयी सविस्तर विवेचन केले. कातडी आणि शिंगे यांचे उत्पन्न बुडते, हा आक्षेप घेणारे होतेच. त्याला बाबासाहेबांचे उत्तर असे होते, की प्रश्न पैशाचा नसून इज्जतीचा आहे. ढोर ओढायचे की नाही, हा रोजच्या जगण्यातला अगदी मातीचा प्रश्न आहे. कालपर्यंत तो गावाच्या हातात होता. लाखो माणसांनी एकत्र उभे राहून तो आपल्या हातात घेतला. एपिक्टेटसच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी रेघ सरकली, आणि ती एकट्याच्या मनात सरकली नाही, उघड्या मैदानात सरकली.

यामागे आधुनिक तत्त्वज्ञानाची दीर्घ तयारी होती. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तेथे त्यांना जॉन ड्यूई हे शिक्षक लाभले. लोकशाही ही केवळ राज्य करण्याची पद्धत नसून ती मुळात एकत्र जगण्याची, एकमेकांचे अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार बाबासाहेबांनी 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या मांडणीत वापरला. 1952 च्या जूनमध्ये मानद पदवी घेण्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले, त्याच सुमारास ड्यूई वारले. आपल्या सगळ्या बौद्धिक आयुष्यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत, असे तेव्हा त्यांनी पत्रात लिहिले. तरीही स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे आपले तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नाही, ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, असे 1954 मध्ये आकाशवाणीवरून सांगताना त्यांना संकोच वाटला नाही. माणसाने माणसाला दिलेले दुःख दूर करणे हे धम्माचे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. दुसरा बाण टाळायला शिकवणाऱ्या बुद्धांना त्यांनी असेही विचारले, की पहिला बाण मारणारा हात कोणाचा आहे.

या दोन शिकवणींत एक निवडावी लागते असे मला वाटत नाही, पण त्यांचा क्रम चुकला की अनर्थ होतो. अन्याय सोसणाऱ्याला आधी मन शांत कर म्हणणे हे क्रूर आहे. गारांनी बाग गेलेल्याला आधी संघर्ष कर म्हणणेही तितकेच निरर्थक, कारण गारांच्या मागे कोणाचा हात नसतो.

(दृश्य: ऑक्टोबर, तीच बाग. झाडे हिरवीगार, फळे लहान आणि हिरवी.)

बाजारभाव या दोन्हींच्या मधोमध पडतो. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात एकट्या शेतकऱ्याची गाडी उभी राहते, तेव्हा भाव त्याच्या हातात नसतो, आणि म्हणून कित्येक जण झाडावरच सौदा करून मोकळे होतात. ज्या गावांत पाच-सहा बागाईतदार एकत्र येऊन प्रतवारी करतात, एकच ट्रक भरतात आणि माल थेट दूरच्या शहरी धाडतात, तेथे तोच भाव थोडासा का होईना त्यांच्या मुठीत येतो. त्यासाठी मात्र प्रत्येकाला आपल्या फळाची प्रत शेजाऱ्यासमोर उघडी करावी लागते, हिशेबाची वही सर्वांना दाखवावी लागते, आणि जुने बांधाचे भांडण बाजूला ठेवावे लागते. ड्यूई ज्याला एकत्र जगणे म्हणत होते ते येथे एका पाटीवर, एका तराजूवर रोज तपासले जाते.

यंदा मृगाचा पाऊस नऊ दिवस उशिरा आला. मे महिन्यात आपण ज्या बागेत उभे होतो, तिच्या मालकाने सहाव्या दिवशी ताण तोडला, विहिरीचे पाणी सोडले आणि निम्मी बाग वाचवली. उरलेल्या निम्म्यात फुलांऐवजी पालवी आली. दसऱ्याच्या दिवशी तो पहाटे उठून बागेला फेरी मारतो, फळाचा आकार बोटांनी पाहतो, आणि मग घरच्यांना घेऊन नागपूरच्या गाडीत बसतो. दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागलेल्या असतात. त्याची मुलगी तेथे दोन पुस्तके निवडते आणि ती डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या वर ठेवते. गावाकडे परतताना अंधार पडतो. बागेतली फळे अजून हिरवी आहेत, आणि तोडणीला चार महिने आहेत.