तिसऱ्या आसनावरचा नौसैनिक

नाशिकच्या रामकुंडावर पिंडदानासाठी येणाऱ्यांमध्ये काही कुटुंबे अशीही असतात, ज्यांच्याजवळ अस्थिकलश नसतो. ज्याचा देह हाती लागला नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती मांडायची, त्यांतले ४० डोक्याच्या जागी आणि १० गळ्याच्या जागी ठेवायचे, आणि त्या आकृतीला रीतसर अग्नी द्यायचा. समुद्रावर विमानासह नाहीशा झालेल्या नौसैनिकाच्या माणसांना मात्र त्याआधीच एक कठीण निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे वाट पाहणे थांबवण्याचा. कायदा त्यासाठी ७ वर्षांची मुदत धरतो. आईचे मन कोणतीच मुदत धरत नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपल्या नौदलाची युद्धनौका ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नौकेबरोबरच बुडालेले तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव आपण जाणतो, आणि ते जाणलेच पाहिजे. पण दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे गस्तीवर असलेले नौदलाचे ‘अलिझे’ विमान पाकिस्तानच्या ‘स्टारफायटर’ विमानाने पाडले, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पाणबुड्या हुडकण्यासाठी बांधलेले, एका पंख्याचे ते संथ विमान होते; ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानापुढे त्याचा निभाव लागणे शक्यच नव्हते.

अलिझेमध्ये तिघे बसत. पुढे दोघे शेजारी शेजारी, आणि त्यांच्या मागे, विमानाच्या बाजूकडे तोंड करून, तिसरा. पाण्याखालचा आवाज टिपणारी तरंगती उपकरणे समुद्रात टाकली, की त्यांतून काय ऐकू येते याकडे कान लावून बसायचे, हे त्या आसनावरचे काम. त्या दिवशी पुढे लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि लेफ्टनंट सिरोही हे अधिकारी होते. तिसरे होते नौसैनिक विजयन. तिघांपैकी कोणीही परतले नाही.

अधिकाऱ्याचे नाव यादीत वर येते आणि खालच्या हुद्द्यावरचा ‘इतर’मध्ये जातो, हे मला पटत नाही. मृत्यूने त्या विमानात हुद्दा पाहिला नव्हता. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मारल्या गेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी आहे, आणि त्या दिवशी गोदाकाठी रणात पडलेल्यांना पाणी दिले जाते. यंदा तेथे जाल, तेव्हा रॉय, सिरोही आणि विजयन ही तिन्ही नावे उच्चारावीत.