‘पिकअप गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

स्पोर्ट्स कारचा मालक ‘अचानक पिकअप गेला’ एवढेच सांगतो, तेव्हा निदान करणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ताकद कधी जाते, हे मला आधी हवे असते: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच की सदासर्वदा, इंजिन थंड असताना की बराच वेळ जोरात पळवल्यावर, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती परत येते का. परत येत असेल, तर गाडीतल्या संगणकाने काहीतरी खटकल्यामुळे इंजिनाला लिम्प मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या स्थितीत, टाकले असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मग संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला जातो आणि, समजा, पी०२९९ हा कोड दिसतो. टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राकडून, अपेक्षेपेक्षा कमी दाब मिळाला, इतकेच त्याचे म्हणणे असते. टर्बो खराब झाला आहे, असे तो म्हणत नाही. तरीही एवढ्यावरून अख्खा टर्बो बदलणारे मी पाहिले आहेत, आणि दोष निघाला तो इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजपाइपवरच्या सैल क्लॅम्पमध्ये.

असा क्लॅम्प सहज का सापडत नाही? टर्बो आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या नळीत आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते सुरू असताना, बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल, दाब असतो. आत-बाहेर दाब सारखा असल्यामुळे फटीतून फारसे काही जात नाही आणि इंजिन गुणी बाळासारखे एकसुरात चालते. जोर मागितला, की नळीत दाब चढतो, फट उघडते आणि हवा निसटते. ज्या गाडीत एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजली जाते, तिथे संगणक मोजलेल्या सगळ्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, पण सिलिंडरपर्यंत त्यातली सगळी हवा पोचत नाही; परिणामी पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि मागून काळा धूरही दिसू शकतो. म्हणून उभ्या गाडीचे बॉनेट उघडून नुसते ऐकत राहण्यापेक्षा, इंजिन बंद ठेवून नळ्यांमध्ये मर्यादित दाबाने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे शोधावेत.

दाब बरोबर भरत असेल, तर पेट्रोलकडे वळावे: वेग वाढताना इंधनाचा प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा खाली घसरतो का, हे स्कॅनरवर गाडी चालत्या स्थितीतच, आणि अर्थात शेजारी बसलेल्याने, पाहायचे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणारा भाग, तुंबला असल्यास इंजिन वरच्या आरपीएमला गुदमरते. त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज बसवला, की अडलेला दाब थेट वाचता येतो. मात्र कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी तो का तुंबला, हे शोधलेच पाहिजे. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो तो बहुधा याच धोक्यासाठी. ठिणगीसाठी वीज पुरवणारी सदोष इग्निशन कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल.