गोचीड गाईवर, घर भिंतीत

संध्याकाळची धार काढायची वेळ झालीय, पण गाय उभी राहात नाही. शेपटी झाडते, पाय आपटते. कान उलटून बघा. आत एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड.

रक्त पिऊन भरली की ती आपणहून गळून पडते, आणि इथंच आपली नजर चुकते. पडलेली मादी भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या सांदीत शिरते. तिथं २ ते ३ हजार अंडी घालते आणि मरते. गाईवर दिसतात त्याहून कितीतरी जास्त गोचिडी गोठ्यात दडलेल्या असतात. आपण औषध मारतो ते मात्र गाईवर. तेच ते औषध वर्षानुवर्षं वापरल्यानं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी सापडल्यात. ज्याच्या दावणीची दुभती गाय गोचिडीतून पसरणाऱ्या थायलेरियाच्या तापानं बसली, खांद्यापुढची गाठ सुजून चारा सुटला, त्याला यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

आता ही पुडी पाहा. मेटारायझियम. ऊसवाल्यांना ओळख नको, हुमणी अळीसाठी टाकतात तीच हिरवी बुरशी. १८७९ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं ती ओडेसाजवळ गव्हावरच्या भुंगेऱ्यांत शोधली.

तिचा बीजाणू गोचिडीच्या पाठीला चिकटतो. ओल मिळाली की रुजतो, कवच विरघळवत आत उतरतो आणि शरीरभर पसरतो. गोचीड लगेच मरत नाही, आठवडाभर तरी धीर धरावा लागतो. मग दमट कोपऱ्यात मेलेल्या गोचिडीवर आधी पांढरी लव येते, नंतर ती हिरवी पडते. त्या हिरव्या भुकटीत पुढचे बीजाणू असतात. अंड्यांनाही ही बुरशी धरते.

कापसातल्या बीटीचा जिवाणूही प्रयोगशाळेत गोचिडींवर तपासला गेलाय. गोठ्यात मात्र बुरशीच जास्त उपयोगाची.

तिला ऊन सोसत नाही. २५ ते ३० अंश तिला मानवतात, गाईचं अंग तर ३८च्या वर. म्हणून तिची खरी जागा गारव्याची, भिंतीतली. फवारणी दिवस मावळताना करा, पंप स्वच्छ धुऊन. बुरशीनाशकाचा थेंबही राहिला तर पुडी वाया जाईल. अंडी एकदम फुटत नाहीत, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा फवारा.

गव्हाणीमागची ही भेग बोटभर रुंद आहे. नोझल आधी इथं.