‘रन’: एका क्रियापदाची दौड

‘रन’ म्हणजे धावणे, एवढं आपण शाळेत शिकतो आणि पुढे जातो. पण इंग्रजीत नळही ‘रन’ होतो, सर्दी झाली की नाकही. कपड्याचा रंग जातो, बस ठरल्या वेळेला सुटते, कुणी कारखाना चालवतो, क्रियापद तेच.

ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाची १९८९ ची आवृत्ती पाहिली, तर सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती : ४३० अर्थ, सुमारे ६०,००० शब्द. पुढच्या आवृत्तीसाठी कोशकार पीटर गिलिव्हर ‘रन’ घेऊन बसले. नऊ महिने या एकाच शब्दावर! हाती लागले ६४५ अर्थ, तेही फक्त क्रियापदाचे. कोशकाराच्या अशा चिकाटीपुढे मान लववावीशी वाटते.

शब्दाचं मूळ जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्यात येतात त्या भाषाकुळातलं आहे. जुन्या इंग्रजीत ‘रिन्नन’ होतं, पण जास्त चालायचं ते ‘इर्नन’. त्यात ‘र’ने जागा बदलली होती. पुढे व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत वसले. त्यांच्या भाषेतल्या ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’ या रूपांनी बळ दिलं आणि ‘र’ पुन्हा सुरुवातीला आला. जर्मन भाषेत आजही दोन वेगळी क्रियापदं आहेत : पाणी पाझरतं ते ‘रिनेन’, माणूस पळतो ते ‘रेनेन’. इंग्रजीत मात्र दोन्ही एका शब्दात मिसळली. नळ आणि धावपटू एकत्र आले ते इथे.

मग यंत्रं आली. घड्याळ, गिरणी, आगगाडी, सगळं ‘रन’ होऊ लागलं. यंत्र चालतं, तसं माणूस ते चालवतो. आणि यंत्र चालवणारा पुढे दुकान, संस्था, अख्खा देश चालवू लागला. मला वाटतं, या शब्दाचा खरा विस्तार इथेच झाला. निवडणुकीत मात्र अटलांटिकच्या दोन काठांवर दोन तऱ्हा : ब्रिटिश उमेदवार ‘उभा’ राहतो, अमेरिकन उमेदवार ‘धावतो’.

आणि क्रिकेट? अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुणलेखक काठीवर खाचा पाडून धावा मोजत. तेव्हा धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, असंच म्हणत. ‘रन’ने तीही जागा घेतली, आणि तिथून तो आपल्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडी आला : ‘पळ, पळ, अजून एक रन आहे!’