सांडलेलं कोण मोजणार?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथं जिथं आत्ता रेडिओ लागलाय तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज मला विषय दिलाय बाळंतपण आणि नर्सिंगचं शिक्षण. विषय ऐकून पुरुष मंडळींनी आवाज कमी करू नये, गोष्ट तुमच्या पण घरची आहे.

एक मुद्दा आधीच सांगून टाकते, मग मध्ये मध्ये परत सांगत जाईन. बाळंतपणात बाईच्या अंगावरून किती रक्त गेलं ते नुसत्या डोळ्यानं कळत नाही. शिकलेल्या नर्सला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना तर सोडूनच द्या. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, हे आपल्याच जिल्ह्यात मोजून बघितलेलं आहे.

ते कसं मोजलं ते सांगते, पण आधी नर्सआक्कांची गोष्ट. काही जणांनी ती माझ्या तोंडून आधी ऐकली असेल, परत ऐका, मला सांगायला आवडते.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं एका गावात या आक्का राहायच्या. सबसेंटरला एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, म्हणून नोकरी झाली, रिटायर झाल्या, पण गावात कुणाला काही दुखलंखुपलं तर दार त्यांचंच वाजायचं. त्या वर्षी बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या मुली फिल्ड पोस्टिंगला गावात आलेल्या, पांढरे कोट, कडक इस्त्री, हातात जाडजूड इंग्रजी पुस्तकं. (पुस्तक इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमधून बोलणार आणि पेशंट कळ आली की मराठीतून आईच्या नावानं ओरडणार, यातून ज्या मुली शिकून तयार होतात त्यांचं मला कौतुकच वाटतं. पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर भांडणाऱ्यांनी एक रात्र लेबर रूममध्ये काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. असो.)

तर आक्कांनी काय केलं, सकाळी तांदळाची पेज शिजवली, दाटसर, आणि त्यात कुंकू कालवलं. का, तर नुसतं लाल पाणी लगेच जिरतं, रक्त तसं जिरत नाही, ते चिकट असतं. मग घरातल्या मापट्यानं नीट मोजून पाऊण लिटर बाजूला काढलं. किती काढलं ते फक्त मला आणि त्यांच्या सुनेला माहीत. देवळासमोरच्या मांडवात खाली गोणपाट टाकलं, त्यावर जुनं लुगडं चार घड्या करून, आणि सगळी माणसं जमायच्या आत ती पेज त्याच्यावर हळूहळू ओतली. थोडी कडेनं सारवलेल्या जमिनीवर पण गेली.

मग सगळ्यांना बोलावलं. कॉलेजच्या मुली, त्यांच्या मॅडम, आशाताई, पाच-सहा सासवा, हायस्कूलचे एक सर आणि आमचा डेअरीवाला. आक्का म्हणाल्या, हं, सांगा बघू, बाईचं किती गेलं?

मुलींनी वहीत आकडे लिहिले. कुणी तीनशे मिली, कुणी साडेतीनशे, एकीनं धाडस करून चारशे. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि चारशे म्हणाल्या. सासवांचं एकच, "एवढं तर जातंच की, आमच्या वेळी याच्या दुप्पट जायचं." सर म्हणाले हा विषय आमचा नाही. आणि डेअरीवाला, तो तर छाती पुढं काढून उभा, सकाळ-संध्याकाळ दूध मोजण्यात हयात गेलेली. म्हणाला, "पाव लिटर, वर एक कप. लावा पैज, मला मापातलं सांगायला लागत नाही."

सगळ्यात कडेला गावची जुनी सुईण आजी बसलेली. तिला विचारलं तर ती आकडाच सांगेना. उठली, लुगड्याचं टोक धरून उचललं, खालचं गोणपाट उलटं करून बघितलं, जमिनीवर तळवा फिरवला, तळवा नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्यात कुंकू आहे गं." सगळे हसले. हसणं थांबल्यावर म्हणाली, "खालचं बघितल्याशिवाय मी कधी बोलले नाही. वरच्याला फसायचं नाही. एवढं गेलं असतं तर मी गाडी जुंपायला सांगितलं असतं."

आक्कांनी आकडा फोडला. पाऊण लिटर. म्हणजे साडेसातशे मिली. मुलींची तोंडं बघण्यासारखी झाली, कारण पुस्तकात त्यांनी पाठ केलेलं असतं की पाचशेच्या वर गेलं की धोका सुरू, आणि इथं साडेसातशे गेलेली बाई त्यांनी सगळ्यांनी मिळून नॉर्मल म्हणून वॉर्डात पाठवून दिलेली.

डेअरीवाला काही ऐकेना. "हे बरोबर नाही आक्का," म्हणाला, "दूध मी कॅनात मोजतो. सांडल्यावर कोण मोजतं का?"

आणि आक्का म्हणाल्या, "मग बाईचं पण कॅनातच मोजायला पाहिजे की रे!"

बास. इथंच सगळा विषय आला बघा.

आता संशोधनाचं. आपल्या बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलात १२३ बाळंतिणींवर हाच अभ्यास झाला होता, २००६ साली तो छापून आला. एकीकडं डोळ्यानं अंदाज, दुसरीकडं माप असलेली प्लॅस्टिकची चादर. ही चादर बाईच्या कमरेखाली घालतात, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलीचे आकडे, जे काही जाईल ते थेट त्यात. अंदाज आणि पिशवी यांत फरक किती पडला? डोळ्याचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी. परत सांगते, एक तृतीयांश कमी. हे आपल्या गावठी सासवांचं नाही, हॉस्पिटलातल्या लोकांचं सांगतेय.

हीच पिशवी त्याच्या आधी २००२ ते २००५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत फिरली. बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांनी मिळून केलेला अभ्यास, १६२० बायका, आणि बाळंतपणं कुणी केली? २५ एएनएम बायांनी, घरी नाहीतर सबसेंटरमध्ये. निम्म्या बायकांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भपिशवी आवळणाऱ्या औषधाच्या, गोळ्या तोंडातून, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. साध्या गोळ्यावाल्यांत शंभरात १२ जणींना जास्त रक्त गेलं, औषधवाल्यांत सहा-साडेसहा जणींना. लिटरभर किंवा जास्त जाणं तर हजारात १२ वरून २ वर आलं. लॅन्सेट नावाच्या मोठ्या मासिकात हे छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या सबसेंटरच्या नर्सबाईंनी केलेलं काम जगाच्या यादीत गेलं आणि आपल्याकडं कुणाला पत्ता नाही. क्रिकेटमध्ये कोण कितीवर आउट झाला ते मात्र पोराटोरांना पाठ.

गोळीच का, तर इंजेक्शन असतं ऑक्सिटोसिनचं, तेच पहिल्या नंबरचं औषध, पण त्याला फ्रीज लागतो, टोचायला शिकलेला हात लागतो, आणि पावसाळ्यात आपल्या कणकुंबीकडं लाइट किती तास असते ते तुम्हाला माहीत आहे. वार पडल्यावर गर्भपिशवी मुठीसारखी घट्ट आवळायला पाहिजे, ती सैल राहिली की रक्त थांबत नाही. दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडं मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं, म्हणजे हाताशी वेळ किती, विचार करा. आणि हो, ही गोळी मेडिकलमधून आणून आपल्या मनानं द्यायची नाही. अजिबात नाही. बाळ व्हायच्या आधी चुकून दिली तर गर्भपिशवी फाटू शकते.

मापाच्या पिशवीचं पुढं पण झालं. २०२३ साली केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका, ८० हॉस्पिटलं, दोन लाखांवर बायका, तशीच पिशवी, आणि आकडा ठराविक रेषेवर गेला की नर्सनं कुणाची वाट न बघता सगळे उपचार एकदम सुरू करायचे. गंभीर प्रकार ६० टक्क्यांनी कमी झाले. कुणाची वाट न बघता, हे लक्षात ठेवा.

कारण शिक्षणाची गोची तिथंच आहे. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, वर्षं काही कमी नाहीत. पण लेबर रूममध्ये पुढं शिकाऊ डॉक्टर, त्यांच्या मागं इंटर्न आणि त्यांच्या मागं भिंतीला टेकून या मुली, टाचा वर करून बघतायत. असं बघून हात तयार होत नाही. बेळगाव जिल्ह्यातच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा याचं ट्रेनिंग झालं, रबरी बाहुलीवर हातानं करून घेतलेलं, सहाशेच्या आसपास नर्स-डॉक्टरांना. २०१३ ला त्याचा निकाल आला. मृतजन्म शंभरात ३ वरून २.३ वर. म्हणजे आधी जी बाळं गेलेली समजून बाजूला ठेवत असतील त्यांतली काही जिवंत होती. पण जन्मानंतर महिन्याभरात दगावणाऱ्या बाळांचा आकडा मात्र हलला नाही, हे पण सांगायला पाहिजे. आणि बाहुली एकदा हाताळून कपाटात ठेवली की सहा महिन्यांत हात विसरतो, म्हणून थोडं थोडं पण सारखं करत राहायचं. आपल्याकडं ट्रेनिंग म्हणजे एक दिवस, एक फोल्डर, जेवणात पुलाव आणि ग्रुप फोटो.

सरकारनं २०१८ मध्ये नर्समधूनच खास मिडवाइफ तयार करायचं ठरवलं, १८ महिन्यांचा जादा कोर्स, साधं बाळंतपण त्यांच्या हातात आणि अडलं की डॉक्टर. चांगली गोष्ट आहे. त्याच वर्षी पावगडच्या सूलगित्ती नरसम्मांना पद्मश्री मिळाली होती, हजारो बाळंतपणं केलेली बाई, शाळेचं तोंड न बघितलेली. त्या आता नाहीत. पण सुईण आजीनं गोणपाट उलटं करून बघितलं ना, ते बीएस्सीच्या पोरींना शिकवा आणि वर मापाची पिशवी द्या, एवढंच माझं म्हणणं.

वेळ संपत आलाय, एका पत्राचं उत्तर राहिलंय. निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी आत कुणाला सोबत जाता येतं का. येतं ताई. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच तसं सांगितलंय, नात्यातली एखादी बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली, तिला साथीचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि शेवटपर्यंत थांबायची तयारी पाहिजे. १७ देशांतल्या १५ हजारांवर बायकांचे अभ्यास एकत्र करून बघितले तर ज्यांच्या सोबतीला कुणी होतं त्या बायका आपल्या आपण बाळंत व्हायचं प्रमाण जास्त होतं, सिझेरियन कमी. नको म्हणाले तर नर्सबाईंना शांतपणे विचारा, भांडू नका, त्या बिचाऱ्या एकटीनं दोन-तीन पेशंट सांभाळत असतात. सोबत कोण जाणार ते सातव्या महिन्यातच ठरवा, ऐनवेळी आई की सासू यावर दारात वाद नको. जी जाईल तिनं मोबाईल बाहेर ठेवावा, पाठ चोळावी, मधून मधून पाणी पाजावं आणि "आमच्या वेळी" हे तर तोंडातून काढूच नये. पुढच्या बुधवारी बाळाच्या काविळीवर बोलू. नमस्कार.